वडाप अवैध, शेअरिंग मात्र पुरोगामी

दोन वाक्ये शेजारी ठेवून प्रारंभ करतो. पहिले वाक्य आपल्या सर्वांच्या चांगल्या परिचयाचे आहे: ग्रामीण भागात अवैध प्रवासी वाहतुकीचा सुळसुळाट. तालुक्याच्या बातमीदारापासून विधिमंडळातल्या लेखी उत्तरापर्यंत गेली तीस-चाळीस वर्षे ते जसेच्या तसे छापले जात आहे. दुसरे अलीकडचे. परिसंवादांतून, प्रकल्प-अहवालांतून आणि पर्यावरणविषयक पुरवण्यांतून ते हल्ली कानी पडते: खेड्यांतील लोकांनी एकत्र येऊन विजेवर चालणारी मोटार सामायिक मालकीने घ्यावी व वाटून वापरावी. दोन्ही वाक्यांतले गाव तेच, रस्ता तोच आणि एका गाडीत दाटीवाटीने बसून तालुक्याला निघालेली माणसेही तीच. एका वाक्यात ती गुन्हेगार ठरतात, दुसऱ्यात भविष्याचे अग्रदूत. मधल्या मध्ये बदलले ते एवढेच, की डिझेलच्या जागी बॅटरी आली आणि 'वडाप' या शब्दाच्या जागी 'शेअरिंग'.

आमचे भांडण बॅटरीशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. खेड्यात आणि खेड्यासारख्या वस्तीत विजेवरची सामायिक गाडी यावी, लवकर यावी, असेच आम्हांस वाटते. भांडण आहे ते ज्या भाषेतून ती आणली जात आहे तिच्याशी. त्या भाषेत मालक कोण हे सांगितलेले नसते. सांगितलेले असते ते फक्त लाभार्थी कोण, एवढेच.

आम्ही राहतो त्या करंजाड्याविषयी दोन शब्द. पनवेलला खेटून असलेली ही वस्ती डोळ्यांना शहर दिसते. सिडकोने आखलेले भूखंड, सात-सात मजली इमारती, तळमजल्यावर मोटारींच्या रांगा. कागदावर मात्र हे गाव आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा २९ गावे तिच्यात गेली. करंजाडे बाहेर राहिले आणि त्याची ग्रामपंचायत कायम राहिली. नवी मुंबई विमानतळासाठी ज्या वस्त्या उठल्या, त्या चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली इत्यादींपैकी कित्येक कुटुंबे करंजाडे-वडघर पट्ट्यात येऊन वसली. त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथून प्रवासी विमाने उडू लागली. ज्यांच्या शेतांवर आणि खाजणांवर धावपट्टी झाली, त्यांतले अनेक जण पनवेल स्टेशन गाठण्यासाठी शेअर रिक्षात, चालकाच्या शेजारच्या चौथ्या जागेवर, एक पाय बाहेर ठेवून बसतात. ती चौथी जागा कायद्यात नाही. तिच्यावाचून सकाळची लोकल मात्र मिळत नाही.

अशा ठिकाणी राहणाऱ्याला 'ग्रामीण गतिशीलता' हा शब्द ऐकून हसावे की रडावे ते कळत नाही. (गतिशीलता ही भाषांतरित पुस्तकांतली वस्तू आहे. माणसे जातात आणि येतात. गाडी मिळते किंवा चुकते.)

आता 'अवैध' या शब्दाकडे वळू. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी धावली आणि त्यानंतरच्या काही दशकांत तिने महाराष्ट्राचा नकाशा गावोगाव शिवून काढला. एसटीचे आमच्यावरील ऋण आम्ही नाकारत नाही. मराठी ग्रामीण कथेवरचे तर मुळीच नाही. एसटी-स्टँड वगळला तर आपल्या निम्म्या ग्रामीण कथा कोठे घडतील, हे सांगणे अवघड आहे. परंतु जेथे दिवसातून दोनच फेऱ्या होतात, तेथे बारा वाजता दवाखान्यात जायचे असेल तर काय, या प्रश्नाचे उत्तर लोकांनी स्वतः शोधले. कोठे त्याला वडाप म्हटले, कोठे काळी-पिवळी, कोठे टमटम, कोठे नुसते 'सहा आसनी'. गाडी भरली की निघणार, हात केला की थांबणार, ओळखीच्या म्हातारीला घराच्या दारात सोडणार. वेळापत्रक नाही, पण आठवडे बाजाराचा दिवस पाठ. ज्या गोष्टीला आज मागणीनुसार वाहतूक असे भारदस्त नाव आहे, ती ही.

हे सर्व बेकायदा होते, यात शंका नाही. माणसे टपावर बसत, अपघात होत, विम्याचा पत्ता नसे. पण कायद्याची ही निष्ठा किती पातळ होती, हे २०२१ साली उघड झाले. ऑक्टोबरअखेर एसटी कामगारांचा संप सुरू झाला, तो पुढल्या एप्रिलपर्यंत चालला. आणि नोव्हेंबरात शासनाने खाजगी बसगाड्यांना, शाळेच्या गाड्यांना, इतकेच काय, मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. काल जे अवैध होते ते एका अधिसूचनेने वैध झाले आणि संप मिटताच पुन्हा अवैध. एवढ्या सहजतेने उलटसुलट करता येणाऱ्या शब्दाला आम्ही वर्णनपर शब्द मानायला तयार नाही. तो वापरणाऱ्याची सोय सांगणारा शब्द आहे.

यात आपल्या क्षेत्राचाही दोष आहे. ग्रामीण साहित्याचे बदलते वास्तव हा प्रश्न परीक्षेत दर दोन वर्षांनी आपण घालतो. त्या बदलत्या वास्तवात जागतिकीकरण असते, आत्महत्या असतात, मोबाईल असतो. सकाळी सहा वाजता गाडी पुसून, अगरबत्ती लावून, कर्जाच्या हप्त्याचा हिशेब मनात घोळवत फाट्यावर उभा राहणारा वडापवाला आमच्या वाचनात मध्यवर्ती पात्र म्हणून जवळजवळ आलेला नाही. आला तर दलालाच्या, गुंडाच्या किंवा पुढाऱ्याच्या पंटरच्या रूपात. वर्तमानपत्राने दिलेले विशेषण साहित्याने निमूटपणे उचलले, असा याचा अर्थ होतो.

आता दुसरे वाक्य: गावाने मिळून मोटार घ्यावी. कल्पना नवी नाही आणि वेडगळही नाही. १९७४ साली ॲमस्टरडॅममध्ये विटकार नावाने विजेवरच्या छोट्या पांढऱ्या गाड्या सभासदांनी वाटून वापरण्याचा प्रयोग झाला होता. जेमतेम तीस-पस्तीस गाड्या व पाच स्थानके एवढा त्याचा पसारा, आणि तो ऐंशीच्या दशकात बंद पडला. स्वित्झर्लंडमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दोन सहकारी संस्था १९९७ मध्ये एक झाल्या आणि 'मोबिलिटी' ही संस्था आजही सहकारी आहे. स्पेनमध्ये कातालोनियात २०१६ पासून 'सोम मोबिलितात' ही सहकारी संस्था विजेवरच्याच गाड्या सभासदांना वापरायला देते. या सर्वांत गाडी कोणाची, याचे उत्तर एका शब्दात मिळते: सभासदांची.

हेच पनवेल तालुक्यातल्या एखाद्या गावाला करायचे असेल तर? समजा, माथेरानच्या पायथ्याच्या धोदाणीतील वीस कुटुंबांनी वर्गणी काढून एक गाडी घेतली आणि ज्याला लागेल त्याने किलोमीटरमागे ठराविक पैसे भरून ती स्वतः चालवत न्यावी असे ठरवले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खाजगी नोंदणीची गाडी मोबदल्यावर देता येत नाही. स्वतः चालवण्यासाठी गाडी भाड्याने द्यायची तर १९८९ची रेंट-अ-कॅब योजना आहे. तिच्यातील अट अशी, की परवाना मागणाऱ्याकडे निदान पन्नास मोटारी हव्यात आणि त्यांतल्या निम्म्या वातानुकूलित! दुचाकींसाठीच्या १९९७च्या योजनेत हीच संख्या पाच आहे. म्हणजे आपल्या कायद्याच्या कल्पनेत सामायिक मोटार ही फक्त भांडवलदाराजवळच असू शकते. वीस कुटुंबांची एक गाडी ही गोष्ट त्याला सुचलेलीच नाही. दर महिन्याला एक परिसंवाद भरवून 'लोकसहभाग' या विषयावर बोलणाऱ्यांपैकी कोणी या पन्नासच्या आकड्याविषयी बोलल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

एक दार मात्र उघडे आहे आणि तेही जवळपास कोणाच्या लक्षात न येता उघडले. १८ ऑक्टोबर २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेने बॅटरीवर चालणाऱ्या प्रवासी व मालवाहू गाड्यांना परवान्याच्या अटीतून सूट दिली. नोंदणी, योग्यता-प्रमाणपत्र, विमा हे सर्व लागतेच, पण ज्या परवान्याच्या अभावी वडाप 'अवैध' होते, तो परवानाच बॅटरीच्या गाडीला लागेनासा झाला. तत्त्वतः, उद्या फाट्यावरचा तोच चालक तीच माणसे घेऊन विजेवरच्या गाडीत निघाला तर परवान्याच्या नावाने त्याला अडवता येणार नाही. मग तो निघत का नाही? गाडीची किंमत त्याला झेपत नाही आणि गावाला एकत्रितपणे कर्ज देण्याची रीत बँकेला ठाऊक नाही. सवलती कोठे जातात ते पाहा. २०२५च्या ऑगस्टपासून अटल सेतूवर विजेवरच्या मोटारींना पथकर माफ झाला. हा सेतू उरण तालुक्यात चिर्ल्याला उतरतो. तेथून जासई हाकेच्या अंतरावर आहे, जेथे १९८४च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. स्वतःची मोटार असलेल्याला सार्वजनिक तिजोरीतून सूट आणि चौथ्या जागेवर बसलेल्याला दंडाची पावती! याला हरित धोरण म्हणतात.

धोदाणीचे नाव काढले ते सहज नव्हे. पनवेलहून तेथे जाता येते आणि तेथून पायवाटेने माथेरान चढता येते. या संपूर्ण वादाचे खरे प्रकरण आमच्या डोक्यावर, त्या डोंगरावर घडले आहे.

माथेरानला मोटार चालत नाही. ४ फेब्रुवारी २००३च्या अधिसूचनेने तो प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला; बंदी त्याहून जुनी. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे पाय, घोडा, छोटी आगगाडी किंवा हातरिक्षा. हातरिक्षा म्हणजे माणसाने माणसाला ओढायची गाडी, परवानाधारक ९४. ब्रिटिशांनी वसवलेल्या त्या थंड हवेच्या ठिकाणी लाल मातीच्या चढावर ही माणसे पिढ्यान् पिढ्या इतरांचा भार ओढत आली आणि आपण सहलीच्या वर्णनांत त्याला माथेरानची शान म्हणत आलो. त्यांच्या संघटनेने एका निवृत्त शिक्षकाच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात जाऊन ई-रिक्षा मागितली. साहित्याच्या शिक्षकांनी ही तपशिलाची बाब ध्यानात घ्यावी. त्या शिक्षकाचा एक मुद्दा शाळकरी मुलांच्या रोजच्या पायपिटीचा होता. २०२२च्या डिसेंबरात सात ई-रिक्षांवर तीन महिन्यांची चाचणी झाली. घोडेवाल्यांचा विरोध झाला, रस्त्यावरच्या फरसबंदीवरून वाद झाला. या दोहोंत तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. घोडेवालाही पोटासाठीच उभा आहे.

पण आमच्या दृष्टीने निर्णायक प्रश्न वेगळा होता: ई-रिक्षा आल्या, तर त्या कोणाच्या? ठेकेदाराच्या की ओढणाऱ्यांच्या? हा प्रश्न काल्पनिक नव्हता. चाचणी संपल्यावर जे वाद झाले ते याच मुद्द्यावरून, आणि जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाला स्पष्ट सांगावे लागले की ई-रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्याव्यात. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि पैसा नाही ही सबब ऐकली जाणार नाही असे बजावले. निकाल ऐतिहासिक आहे. आम्ही त्याचे मनापासून स्वागत करतो. तरी त्यात आदर्श म्हणून दाखवलेला नमुना केवडियाचा आहे: गाड्या विकत घ्यायच्या आणि स्थानिकांना भाड्याने चालवायला द्यायच्या. ओढणारा आता चालक होईल. मालक होईल काय? खांद्यावरचे जू उतरणे ही लहान गोष्ट नाही, हे आम्ही जाणतो. पण दिवसाचे भाडे ज्याला भरावे लागते त्याच्या खांद्यावर काहीतरी उरतेच. ९४ जणांची एक सहकारी संस्था, तिच्या मालकीच्या गाड्या, शाळेच्या वेळी मुलांना आधी जागा असा नियम लिहिलेली तिची पोटनियमावली, हे मराठी राज्यात अशक्य का वाटावे? साखर, दूध आणि सूत यांच्या सहकारावर ज्याने पन्नास वर्षे राजकारण केले, त्याच राज्यात?

येथे सुज्ञ वाचक हसेल हे आम्हांस ठाऊक आहे. सहकार? मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचे काय झाले? प्रश्न रास्त आहे. श्रीरामपूर-राहुरी भागात ग्रामीण ग्राहकांना वीज पुरवणारी ती संस्था थकबाकीत बुडाली, २०११ मध्ये तिचा परवाना संपला आणि कारभार महावितरणकडे गेला. लोकांच्या नावाने उभी राहिलेली संस्था पुढाऱ्यांच्या सोयीने चालली तर काय होते, याचा तो धडा आहे. पण या न्यायाने खाजगी बँक बुडाल्यावर आपण बँकाच बंद करा म्हणत नाही.

दुसरा मोह उलट दिशेचा, आणि तो साहित्यिकांना अधिक होतो. आपल्याकडे हे सगळे होतेच, हा तो मोह. वारंगुळा होता: एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक, मिळून जोडी. इर्जिक होते, सावड होती. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत होती. तीत पाण्याची पाळी पाटकरी राखत असे आणि शेवटच्या शेतालाही पाणी पोचे. हे शब्द आम्हांस 'शेअरिंग'पेक्षा शतपटीने प्रिय आहेत आणि नव्या गाडीला जुने नाव द्यायचे झाले तर वारंगुळ्याइतके नेमके नाव नाही. पण त्या जोडीत कोणाचा बैल चालत होता? ज्याला जमीन होती आणि ज्याच्या बैलाला शिवले तर कोणी विटाळ मानत नव्हते, त्याचा. आमच्याच जिल्ह्यात, महाडला, चवदार तळे १९२३च्या बोले ठरावानंतर नगरपालिकेने खुले केले होते. कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तेथवर चालत गेले आणि पाणी प्याले, तेव्हा काय घडले हे सर्वांना माहीत आहे. 'समुदायाने चालवलेले' असे कोणी म्हणाले की आमचा पहिला प्रश्न म्हणूनच हा असतो: समुदाय म्हणजे कोण, आणि त्याच्या बाहेर कोण?

एसटीचे मोठेपण आमच्या मते येथे आहे. तिकीट घेतलेला माणूस कोणाच्याही शेजारी बसू शकतो. शेजारच्याला नको असेल तर त्याने उठावे. वडापनेही, नफ्यापोटी का होईना, हे पाळले. भरल्याशिवाय गाडी निघत नाही म्हटल्यावर जात विचारायला सवड कोणाला? गावाच्या सामायिक गाडीला हे तिकीट हवे. म्हणजे खुले सभासदत्व, लिहिलेला क्रम, आणि गावकीच्या मर्जीवर न सोपवलेली वही. गाडी देवळाच्या सभामंडपासमोर उभी राहणार की वाडीच्या तोंडाशी, चार्जिंगचे मीटर कोणाच्या घरावर लागणार, किल्ली कोणाकडे राहणार, ती मागायला एखाद्या कातकरी बाईला कोणाच्या ओट्यावर चढावे लागणार, या बाबींवर सारे ठरते. प्रकल्प-अहवालात यांतले काहीच नसते. बॅटरीची क्षमता मात्र दशांश चिन्हापर्यंत असते.

हे आम्ही सांगतो ते पुस्तकी शहाणपण नव्हे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री अडीच वाजता आमच्या इमारतीच्या राखणदाराच्या बायकोला कळा सुरू झाल्या. रिक्षा नव्हती, फोनवरून मागवलेली गाडी दोनदा येते म्हणून आली नाही. तळमजल्यावर पस्तीसेक मोटारी उभ्या होत्या. त्यांतल्या तीन विजेवरच्या, हिरव्या पाट्यांच्या, पूर्ण भरलेल्या. राखणदाराला सर्वांची दारे ठाऊक होती. त्याने एकही वाजवले नाही. तो तिला घेऊन पावसात पनवेलच्या रस्त्याकडे चालू लागला आणि वाटेत दूधवाल्याच्या टेम्पोने त्यांना उचलले. मालवाहू गाडीत प्रवासी, अवैध. सकाळी आम्ही हे तिघा मोटारमालकांना सांगितले. तिघेही सज्जन आहेत. तिघेही म्हणाले, मग मला उठवायचे ना.

त्यावरून पुढल्या महिन्याच्या सभेत आम्ही प्रस्ताव मांडला, की इमारतीने मिळून एक विजेवरची गाडी घ्यावी. सोळा जण हजर होते. कल्पना सर्वांना आवडली. एकाने टाळ्याही वाजवल्या. मग ओरखडा पडला तर खर्च कोणी द्यायचा, यावर पाऊण तास चर्चा झाली आणि तीही योग्यच होती. शेवटी आम्ही विचारले, की वापरणाऱ्यांच्या यादीत राखणदार आणि धुणीभांडी करणाऱ्या चौघी बायका असतील ना? कोणीतरी म्हणाले, ते सभासद नाहीत. दुसरे कोणी म्हणाले, माणुसकी म्हणून देऊच की, नियम कशाला? विषय पुढील सभेवर ढकलला गेला. पुढील सभेच्या विषयपत्रिकेत तो सातव्या क्रमांकावर आहे. सहाव्यावर टाकीची सफाई आहे.